लामदुआनच्या हाकेची जागा

प्रयुन चायसीत हे बँकॉकमधील आमच्या स्टुडिओत चित्रपटांचे ध्वनिमिश्रण करीत असत. संवाद, संगीत, पाऊस, गर्दी असे सुटे आवाज त्यांच्यापुढे येत. कोणता आवाज चित्रपटगृहातील कोणत्या स्पीकरमधून आणि किती मोठा यावा, हे ते ठरवीत. मी त्याच इमारतीत पावले वाजवण्याचे काम केले. पडद्यावरचा माणूस चिखलातून चालला, की मी ओल्या मातीच्या परातीत पाय टाकीत असे. त्यामुळे त्यांचा सहवास मला दीर्घकाळ लाभला.

त्यांचा एक नियम होता. माणसाचे बोलणे पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधूनच यायला हवे. बाजूच्या भिंती पावसासाठी, मागची भिंत वाऱ्यासाठी. एखाद्या दिग्दर्शकाने संवाद इकडे तिकडे फिरवायला सांगितला, तर ते शांतपणे विचारीत, "तुमच्या घरी बायको छतावरून बोलते का हो?"

त्यांची पत्नी लामदुआन डबिंग करीत असे. तिचा आवाज खोल आणि किंचित घोगरा होता. त्यामुळे तिच्या वाट्याला नेहमी भुते आणि छळ करणाऱ्या सासवा येत. बाजारात मासळीवाली म्हणे, "ताई, ते भुताचं हसू हसून दाखवा ना, दोन मासे जास्त घालते!" लामदुआन हसून दाखवी, मासे घेई आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलत नसे. त्यांना मूलबाळ नव्हते. आपले काम आटोपले की ती मिश्रणाच्या खोलीत प्रयुन यांच्या मागच्या कोचावर चिंचा सोलत बसे. संगीताखाली संवाद दबला, की मागून आवाज येई, "अहो, शब्द बुडाला." ते लगेच शब्द वर काढीत.

अखेरीस तिला एका आईची भूमिका मिळाली. मुलगा मासेमारीच्या बोटीवर जातो आणि परततो तेव्हा आई वारलेली असते. भाताच्या शेतात एकटा उभा असताना त्याला तिची हाक ऐकू येते. पडद्यावरच्या नटीला ईसान प्रांताची बोली येत नव्हती. लामदुआन मूळची तिकडच्या रोई-एतची, म्हणून आवाज तिने दिला. त्या वेळी ती आजारी होती. ध्वनिमुद्रण झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "आमच्या गावात हे लागेल तेव्हा लोकांना आईच ऐकू येऊ द्या. एवढं एक करा. भूत म्हणून पुष्कळ जगले."

मिश्रण सुरू होण्यापूर्वीच ती गेली.

प्रयुन यांनी दुःखाचे दिवसही न पाळता काम हाती घेतले. ती हाक आली तेव्हा त्यांनी आयुष्यात प्रथमच स्वतःचा नियम मोडला आणि आवाज मागच्या भिंतीला दिला. "बाळा, ये रे घरी, भात निवतोय." हाक पाठीमागून, कोचाच्या बाजूने आली. मी तेथे होते. माझे डोळे भरून आले. दिग्दर्शक क्रित हा तरुण मुलगा, तोही गहिवरून म्हणाला, "काका, हे असंच राहू द्या." आमच्यापैकी कोणालाही यात चूक दिसली नाही, कारण आम्ही सर्व जण तिला ओळखत होतो.

पहिला चाचणीचा खेळ रोई-एतच्या चित्रपटगृहात दुपारी ठेवला होता. लामदुआनच्या गावची माणसे मुद्दाम आली होती. हाक मागून आली मात्र, सारे सभागृह गोठले. पाठीमागून कोणी बोलावले तर मागे वळू नये, ओ देऊ नये, हे आमच्याकडे लेकरांनाही ठाऊक असते. बायकांनी गळ्यातील ताईत मुठीत धरले. एक जण ओरडला, "ए, कुणी ओ देऊ नका रे!" दुसरा म्हणाला, "तू नको देऊस, तुझ्यावर उधारी आहे, तुलाच न्यायला आलीय!" मग हशा, किंकाळ्या आणि पुन्हा हशा.

प्रयुन यांचा चेहरा मला पाहवेना.

बाहेर आल्यावर क्रित दबक्या आवाजात म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण वितरक खूश आहेत. म्हणतात, भुताचाच चित्रपट म्हणून लावू या."

"तिला मी भूत केलं," प्रयुन म्हणाले. "तिनं एकच गोष्ट मागितली होती."

"मग मधल्या स्पीकरवर आणा."

"आणून बघितलं आहे. ती रेडिओवर बोलल्यासारखी वाटते. त्या दृश्यात आई पडद्यावर नाहीच, तर मधोमध कुणाच्या तोंडून बोलेल?"

चित्रपट अंतिम करायला फारसा अवधी उरला नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही लामदुआनच्या माहेरी गेलो. तिच्या आईने जावयाकडे पाहिले आणि ती म्हणाली, "तुझा ख्वन अंगात नाही. तिच्यामागे गेला आहे. बोलवायला हवा." दुःखाने माणसाचा ख्वन, म्हणजे त्याचा जीव, रानोमाळ भटकतो आणि वडीलधाऱ्यांनी त्याला परत बोलवावे लागते. प्रयुन शहरात वाढलेले. ते संकोचून म्हणाले, "आई, आता कशाला?"

"गप बस. माझी लेक गेली, जावई तरी राहू दे."

म्हातारी खांबांवर उभारलेल्या घराच्या शिडीच्या वरच्या पायरीवर, शेताकडे तोंड करून उभी राहिली. प्रयुन यांना तिने खाली अंगणात, घराकडे तोंड करून बसवले. तिने हाक घातली. "ये रे ख्वन, ये. पाण्यात असशील तर ये, रानात असशील तर ये." हाक समोरून आली, त्यांच्या दोन्ही कानांवरून गेली आणि मागे शेतात दूर विरली. घरातल्या बायकांनी एका सुरात उत्तर दिले, "आला गं, आला!" परतलेला ख्वन पुन्हा जाऊ नये म्हणून म्हातारीने खाली येऊन त्यांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. प्रयुन बराच वेळ मान वळवून शेताकडे पाहत राहिले.

"बुनमीताई," ते मला म्हणाले, "आई घरातून हाक मारते. मुलाच्या पाठीमागून नाही."

बँकॉकला परतल्यावर त्यांनी हाक पडद्यामागे ठेवली, परंतु दूर, जणू शेताच्या पलीकडील घरातून. तिचा केवळ पडसाद त्यांनी दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून हळूहळू मागे जाऊ दिला. मागच्या भिंतीपर्यंत पोहोचताना तो वाऱ्यात मिसळत असे. शब्द कोठेही बुडाला नव्हता. क्रितने कुरकुर केली, "वितरकांना काय सांगू?" प्रयुन म्हणाले, "सांग, म्हातारा ऐकत नाही."

त्याच चित्रपटगृहात पुन्हा खेळ ठेवला. बरीच माणसे दुसऱ्यांदा आली होती, काही जण भुताच्या आशेने. हाक आली. "बाळा, ये रे घरी, भात निवतोय." कोणी हसले नाही. हाक आमच्या कानांवरून मागे गेली. ती विरते न विरते, तोच पुढच्या रांगेतून एका वृद्धेचा आवाज उठला, "आला गं, आला!" तिच्यामागून आणखी दोघी-तिघी बोलल्या आणि मग पुष्कळ जण, पुरुषसुद्धा.

क्रितने माझा दंड धरला. "मावशी, हे कुणी मिसळलं?"

"कुणी नाही रे. ते लोकांचं आहे."

प्रयुन उठून बाहेर गेले होते. आम्ही गेलो तेव्हा ते पायरीवर बसून रडत होते. लामदुआनच्या अंत्यविधीतही ते रडले नव्हते. क्रित त्यांच्यापुढे उकिडवा बसला आणि हात जोडून म्हणाला, "काका, काही बदलायचं राहिलं आहे का?"

त्यांनी तोंड पुसले. "नाही. आता त्याला कुणी हात लावू नका."