रेडिओतली खरखर

रामधनवर वीज पडली तेव्हा अर्धं आभाळ निळं होतं. मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्याची भाजीपाल्याची वाडी. दुपारी वांगी तोडून तो धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाखाली क्रेट लावत होता. गडगडाट दूर होता, पावसाचा थेंब नव्हता. बायको रंगूबाई मिरचीच्या वाफ्यात होती. कानठळ्या बसवणारा आवाज झाला, ती वळली, तर रामधन क्रेटजवळ पालथा पडलेला.

ती धावली. पण दीर दौलतराव मधे आला आणि त्याने तिचे दोन्ही दंड धरून ठेवले. अंगात करंट असेल, हात लावाल तर तुम्हीही जाल, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. माणसं जमली आणि लांबच उभी राहिली. कोणी शेणात ठेवायला सांगितलं, कोणी लाकडाने हलवून पाहायला. गाडी येईपर्यंत रामधनला एकाही माणसाने हात लावला नाही.

रंगूबाईने वाडी सोडली नाही. मुलगा पवन आणि मुलगी सुचिता शिकत होते, वाडी सोडून चालणार नव्हतं. तिने तो निंब तेवढा तोडायला लावला. पालक, सांबार म्हणतात ती कोथिंबीर, वांगी, दसऱ्याला झेंडू, सगळं पूर्वीसारखं चाललं. फक्त तिची नजर बदलली. वाफ्यात वाकलेली असली तरी दर थोड्या वेळाने ती मान वर करायची. घरी कोणी उशिरा आलं की दारात उभी. परतीच्या पावसाचे दिवस आले की तिला जेवण जायचं नाही. पवनचं लग्न झालं, ज्योत्स्ना घरात आली, तेव्हा नव्या सुनेला सासूने पहिली गोष्ट सांगितली ती स्वयंपाकाची नव्हती. आभाळ आलं की झाडाखाली जायचं नाही, ही होती.

पवनने तिच्या फोनमध्ये विजेचा इशारा देणारं ॲप टाकून दिलं. काही दिवस तिला बरं वाटलं. पण आपल्याकडे वारं सुटलं की आधी लाईट जाते, मग टॉवर बसतो, आणि नेमक्या गरजेच्या वेळी फोन म्हणजे नुसती पाटी. ज्या दिवशी ॲप बोलायला पाहिजे त्या दिवशी ते गप्प. रंगूबाई तो फोन हातात धरून बसायची आणि पवनला विचारायची, आता कसं समजणार.

सुचिता लग्न होऊन नागपूरला गेली होती. आईचं हे तिला फोनवर रोज ऐकू यायचं. दिवाळीला आली तेव्हा तिने एक नारिंगी डबा आणला. हाताने हँडल फिरवायचं आणि ऐकायचं, असा रेडिओ. वर सूर्यावर चालणारी पट्टी, समोर टॉर्च, बाजूला फोन चार्ज करायची जागा. पूर आला, वादळ झालं, लाईट गेली तरी बातम्या कळतील, असं ती म्हणाली. रंगूबाईने हँडल फिरवलं. घरघर झाली आणि आकाशवाणीवरचा माणूस कापसावरच्या बोंडअळीबद्दल बोलायला लागला. तिला हसू आलं. त्या घरात बऱ्याच दिवसांनी ती हसली, असं ज्योत्स्ना सांगते.

रेडिओ ऐकता ऐकता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. वीज चमकायच्या दिवसांत आवाजात मधेच कडकड यायची, कोणी सुकं पान चुरगाळावं तशी. लांबची वीज असली तर बारीक, जवळ आली की मोठी आणि लागोपाठ. आभाळात काही दिसायच्या आधीच ती यायची. पवनला विचारलं तर तो म्हणाला, होतं तसं, विजेची लाट रेडिओ पकडतो. त्या दिवसापासून डबा तिच्यासोबत वाडीत जायला लागला.

पण तो तिला फसवायचाही. शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली की तशीच खरखर. एकदा उन्हाळ्यात तिने त्या खरखरीवरून कामावरच्या सगळ्या बायांना कांद्याच्या वावरातून उठवून रस्त्याकडेच्या स्लॅबच्या घरात नेऊन बसवलं. आभाळ कोरडं ठणठणीत राहिलं. पावसाळ्यात पुन्हा तसंच झालं, वीज दूर कारंजाकडे निघून गेली. बाया हसल्या. दौलतरावाच्या वावरातलं काम खोळंबलं होतं, तो हसला नाही. रंगूबाईने मान खाली घातली. आपल्याला भीतीनेच ऐकू येतं की काय, असं तिला वाटायला लागलं होतं.

या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर जोराचं वादळ झालं. खांब वाकले, तारा तुटल्या. गावाची लाईट गेली ती येईचना. टॉवरही बंद. घरोघरी फोन मेलेले, आणि संध्याकाळी बाया रंगूबाईच्या ओट्यावर बातम्या ऐकायला यायच्या. लाईट नसल्याने एक झालं, मोटरी बंद होत्या आणि रेडिओ इतका साफ वाजत होता की निवेदकाचा श्वाससुद्धा ऐकू यावा.

अशाच एका संध्याकाळी विजांवर एका डॉक्टरीणबाईंचं भाषण लागलं. झाडाखाली थांबू नका, मोकळ्या वावरात असाल तर पाय जुळवून उकिडवे बसा, हे सगळ्यांनी आधी ऐकलेलं. पुढे त्या म्हणाल्या की वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. त्याचा श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात आणि भरभर दाबत राहा, नाक धरून तोंडाने श्वास द्या, मदत येईपर्यंत सोडू नका. अनेक जण अशाने वाचतात.

बाया उठून घरी गेल्या. ज्योत्स्नाने ताट वाढलं. रंगूबाई हँडलला हात लावून तशीच बसली होती. डबा केव्हाच बंद पडला होता. "अनेक जन वाचतात म्हनली ना ते?" तिने विचारलं. ज्योत्स्ना हो म्हणाली. रंगूबाई जेवली नाही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी झेंडूचा मोठा तोडा होता. रंगूबाईचं आणि दौलतरावाचं वावर लागून, तोडा दोघांचा मिळून. पवन पहाटे पहिली गाडी भरून अकोल्याकडे गेला होता, दुपारी दुसरी न्यायला येणार होता. निघताना दौलतराव तिच्या ओट्याशी थांबला. आवाज चढवला नाही त्याने, उलट हळूच बोलला. "वयनी, आजच्या दिवस डबा घरी राहू द्या. बाया तुमच्या तोंडाकडे पाह्यतात अन् हात थांबतात. फूल आजच निघालं पायजे."

तिने मान हलवली. आणि निघताना डबा भाकरीच्या टोपलीत, फडक्याखाली ठेवला.

दुपारपर्यंत ऊन होतं, अंग भाजणारं. बाया रांगेने फुलं खुडत होत्या, वावराच्या मधोमध पिवळा ढीग वाढत होता. मग वारं पडलं. पश्चिमेला एक काळी कड दिसली, फार मोठी नाही. रंगूबाई टोपली घेऊन वावरातल्या झोपडीच्या आडोशाला गेली, पाणी प्यायला गेल्यासारखी. तिने डबा मांडीवर घेतला, पदर वरून ओढला आणि हँडल फिरवलं. गाणं लागलं होतं, पण गाण्याचे तुकडे होत होते. कड, कड, मग एक मोठी कडाड, मग गाणंच नाही.

ती उठली नाही. तिने तीनदा ऐकलं, कान लावून. मोटरी बंद होत्या, हे तिला ठाऊक होतं. तरी तिला बाया हसताना दिसत होत्या, दौलतरावाचा हळू आवाज ऐकू येत होता. आपण पुन्हा चुकलो तर पुढे कधी कोणी आपलं ऐकणार नाही, आणि गप्प राहिलो तर? या दोन्हींच्या मधे तिचा जीव अडकला. ती आता सांगते की त्या वेळेइतकं भ्यायला तिला आयुष्यात कधी झालं नाही, नंतर जे झालं तेव्हासुद्धा नाही.

शेवटी ती बाहेर आली आणि बायांना म्हणाली, "मी घराकडे जाऊन राह्यली. ज्याले यायचं त्यानं या. ईज जवळ हाय."

बाया दौलतरावाकडे पाहू लागल्या. त्याने आभाळाकडे पाहिलं, काळी कड आता निम्म्यावर आली होती. त्याने हातानेच जा म्हणून खुणावलं. टोपल्या जागीच ठेवून बाया लगबगीने रस्त्याकडच्या घराकडे निघाल्या. ज्योत्स्ना मात्र ढिगाकडे वळली. ताडपत्री टाकायची राहिली होती आणि भिजलेला झेंडू बाजारात कोणी घेत नाही.

"फुलं राहू दे, चाल," रंगूबाई म्हणाली.

"तुमी व्हा पुढं आत्या. टाकते अन् आलीच."

रंगूबाई दहा पावलं गेली आणि परत वळली. ज्योत्स्नाने ताडपत्रीचं एक टोक दगडाखाली दाबलं होतं, दुसरं टोक दौलतराव ओढत होता. त्याच क्षणी सगळं पांढरं झालं.

डोळ्यांपुढची तिरीप गेली तेव्हा दौलतराव गुडघ्यांवर होता, कान धरून. ज्योत्स्ना उताणी पडली होती, तिच्या केसांचा जळका वास येत होता. रंगूबाई कशी पोचली ते तिला आठवत नाही. दौलतरावाने हात पुढे केला आणि तो ओरडला, "वयनी, हात नोका लावू."

"करंट राह्यत नाई," ती म्हणाली आणि खाली बसली.

ज्योत्स्नाची छाती हलत नव्हती. रंगूबाईने तळहातावर तळहात ठेवला आणि दाबायला लागली. आपण बरोबर करतोय की चूक, तिला माहीत नव्हतं. रेडिओवर ऐकलेलं, कोणाला करताना पाहिलेलं नाही. बरगडी मोडेल की काय असं वाटायचं आणि तरी हात थांबत नव्हते. मधे नाक धरून ती तोंडाने श्वास द्यायची. पाऊस सुरू झाला. वर गडगडत होतं आणि मोकळ्या वावरात ती तशीच बसलेली, जिथे बसू नको म्हणून ती सगळ्यांना सांगत आली होती. तिचे हात भरून आले तेव्हा तिने दौलतरावाकडे पाहिलं. "भाऊजी, या. इथं दाबा."

तो सरपटत आला आणि त्याने हात ठेवले. दोघं आळीपाळीने दाबत राहिली. किती वेळ, कोणी सांगू शकत नाही. बाया घराच्या दारातून पाहत होत्या, त्यातली एक रस्त्यावर गाडी थांबवायला धावली. आणि मग ज्योत्स्नाच्या घशातून घरघर आली, एक आचका आला आणि ती खोकली.

फोन लागणार नव्हता, ॲम्ब्युलन्स बोलावता येत नव्हती. मानोऱ्याहून परत येणारी एक रिकामी जीप थांबली. त्यातच तिला घालून मंगरूळपीरच्या दवाखान्यात नेलं, तिथून वाशिमला. पवनला रस्त्यातच कोणीतरी सांगितलं. तो दवाखान्यात पोचला तेव्हा ज्योत्स्ना बोलत होती, पण एकच वाक्य, ताडपत्री उडाली का.

ती बरी झाली. उजव्या कानाने कमी ऐकू येतं आणि मोठा आवाज झाला की हातातलं सांडतं, इतकंच राहिलं. डॉक्टरांनी विचारलं की वावरात छाती कोणी दाबली. रंगूबाई पवनच्या मागे उभी होती, ती पुढे आली नाही.

लोक भेटायला येत, तिचं कौतुक करत. तिला ते सोसत नसे. एका संध्याकाळी दौलतराव आला आणि ओट्यावर बसला. रंगूबाईने विचारलं. "तुमच्या भावाले त्या दिवशी कोनी हात लावला असता तं?"

दौलतरावाने खाली पाहिलं. "मीच लावू नाई देल्ला, वयनी."

"तुमाले तरी कोनी सांगतलं होतं का?" ती म्हणाली. ज्योत्स्नाने चहा आणून ठेवला, तो दोघांनी प्यायला.

रंगूबाईची भीती गेलेली नाही. उलट तिला आता दुसरीच टोचणी लागली आहे, की गावात हे छाती दाबणं कोणाला येत नाही. गेल्या महिन्यात गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनी ग्रामपंचायतीच्या खोलीत बाया जमवल्या आणि तिला दाखवायला सांगितलं. ज्योत्स्ना म्हणाली, मी आडवी होते, माझ्यावरच दाखवा. हसत हसत ती सतरंजीवर झोपलीसुद्धा. रंगूबाईने तिला हाताला धरून उठवलं. मग गव्हाचं पोतं आणायला लावलं, पदर खोचला आणि बायांना म्हणाली, जवळ या, लांबून नाही दिसणार.