सगुणा महाडला उतरली

डोंबिवलीच्या त्या सोसायटीत सगुणा कोणाची फारशी लाडकी नव्हती, आणि तिलाही त्याचं दुःख नव्हतं. ठाण्याला, नौपाड्यातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढण्यात तिचा जन्म गेला. "श्वास रोखा, हलू नका" हे तीस वर्षं बोलून आवाजाला जी धार आली, ती निवृत्तीनंतरही गेली नाही.

तिला एकच नाद होता. कुठल्याही गावी गेली की तिथल्या पुढाऱ्याचं स्मारक शोधायचं, आत जायचं आणि भिंतीवरची प्रत्येक पाटी वाचायची. साबरमती, अलाहाबादचं आनंद भवन, नागपूरची दीक्षाभूमी, सगळं झालेलं. नवरा महेंद्र हयात होता तेव्हा म्हणायचा, "लोक थंड हवेला जातात, ही बाई थंड फरशीला." हा नाद तिला वडिलांचा. खडवलीला रेल्वेत गँगमन होते ते. सुट्टीत पोरांना हाताला धरून अशा ठिकाणी न्यायचे आणि म्हणायचे, "इथं शिरताना तुम्ही कोण म्हणून कोणी विचारत नाही. खुशाल फिरा."

गेल्या हिवाळ्यात सोसायटीची सहल गणपतीपुळ्याला निघाली. सगुणा एरवी गेली नसती. पण शेजारची दर्शना मागे लागली, "चल गं, मला सोबत होईल." दोघींची वीस वर्षांची मैत्री. सगुणाने सेक्रेटरी विनीतला विचारून घेतलं, "येताना महाडला थांबशील ना? बाबासाहेबांचं स्मारक बघायचं राहिलंय माझं."

"अहो काकू, रस्त्यातच तर आहे. थांबू की!" विनीत म्हणाला.

रत्नागिरीत सगळे टिळकांच्या जन्मघरी गेले. सगुणा सर्वांत शेवटी बाहेर आली. गाडीत क्षिप्रा, म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या कमिटी मेंबर, घड्याळाकडे बघत बसलेल्या.

परतीच्या वाटेवर चिपळूणला काजू आणि कोकम सरबत घ्यायला गाडी थांबली. बायका दुकानात शिरल्या त्या बाहेर येईनात. तरीही कोणाला घाई नव्हती. पोलादपूर मागे पडल्यावर सगुणा उठून पुढे गेली.

"विनीत, ड्रायव्हरला सांगितलंस ना? महाडला आत वळायचंय."

विनीतने मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही. "काकू, उशीर झालाय हो. पनवेलला ट्रॅफिक लागेल. नेक्स्ट टाइम नक्की."

"काजूला वेळ होता."

मागून कोणीतरी म्हणालं, "पण तिथं बघायला आहे काय एवढं?"

आणि क्षिप्रा हसून म्हणाल्या, "तसंही तुम्ही लोक सहा डिसेंबरला दादरला जाताच की, सगुणाताई. आमच्या पोरांना कशाला उपाशी ठेवता?"

तुम्ही लोक. अशा वेळी कोण कुठे बघतंय ते नीट कळतं. कोणी खिडकीबाहेर, कोणी चपलांकडे.

"काल टिळकांच्या घरात मी विचारलं का, इथं बघायला काय आहे म्हणून?" सगुणा म्हणाली. "मी हात जोडले तिथं. मनापासून जोडले. ड्रायव्हर, फाट्यावर गाडी थांबवा."

"काकू, तमाशा नका करू प्लीज," विनीत म्हणाला.

"तमाशा अजून केलाच नाही मी."

फाटा आला. तिने वरून पिशवी ओढली आणि दर्शनाकडे पाहिलं. दर्शना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सगुणा क्षणभर थांबली. मग एकटीच उतरली. गाडी लगेच निघाली.

रिक्षा करून ती स्मारकाला पोचली. दुपारची वेळ, चिटपाखरू नव्हतं. एवढं मोठं सभागृह, आणि एक माणूस झाडू मारत होता. सगुणा तसबिरीसमोर उभी राहिली. पण मन लागेना. डोक्यात क्षिप्रांचं हसू घुमत होतं. पाट्या वाचायला गेली तर तीच ओळ पुन्हापुन्हा वाचतेय असं झालं. इतक्या वर्षांनी आपण इथं आलो आणि त्या बाईला डोक्यात घेऊन आलो, याचाच तिला जास्त संताप आला. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसली, पाण्यात हात घातला. राग काही उतरला नाही. संध्याकाळच्या एसटीने, दाटीवाटीत उभी राहून ती परत निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शना दारात. हातात सगुणाची गाडीत राहिलेली फणसपोळीची पुडी.

"अगं, मी उतरणारच होते. पण माझे गुडघे..."

"त्याच गुडघ्यांनी गणपतीपुळ्याला अख्ख्या डोंगराची प्रदक्षिणा घातली."

"सगळ्यांसमोर कसं बोलणार मी? राहायचंय ना इथं."

"मलाही इथंच राहायचंय," सगुणा म्हणाली. पुडी घेतली नाही. दार लावलं.

सोसायटीच्या वार्षिक सभेत तिने क्षिप्रांचं ते 'तुम्ही लोक' जसंच्या तसं सर्वांपुढे म्हणून दाखवलं. क्षिप्रा म्हणाल्या, "मी सहज बोलले, तुम्हीच मनाला लावून घेतलंत." कोणीही माफी मागितली नाही. उलट 'बाई फार ताठ' हे पक्कं झालं. यंदा ग्रुपवर विनीतचा मेसेज आला, या वेळी महाडला हमखास थांबू. खाली अंगठ्यांची रांग लागली. सगुणाने उत्तर दिलं नाही. त्याच आठवड्यात ती रमाबाईला, आपल्या शहाडच्या बहिणीला घेऊन वर्ध्याला सेवाग्राम बघायला गेली.

दर्शना अजून तिसऱ्या मजल्यावरच राहते. लिफ्टमध्ये दोघी एकत्र सापडल्या की दाराच्या वरचे आकडे बघत उभ्या राहतात.