दोघी पुढे, तिघी मागे

आपापल्या जागेवर उभं राहण्याच्या विद्येत माझ्या साडभाऊंची बरोबरी करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडणार नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी अमरावतीत राहतो, ते अकोल्यात. तिथल्या एका शाळेत ते खेळाचे शिक्षक होते. अंगाने तुरीच्या भरल्या पोत्यासारखे, आणि चेहरा असा गंभीर की ते हसले तर समोरचा विचारतो, कुठे दुखतंय का? या माणसाने उभ्या नोकरीत मुलींना बास्केटबॉल शिकवलं, आणि बास्केटबॉलमध्येही फक्त झोन शिकवला. चेंडू टोपलीत टाकणं ही त्यांच्या मते हौसेची बाब होती. खरा खेळ म्हणजे दुसऱ्याला टाकू न देणं.

मला या खेळातलं काही कळत नाही, पण झोन मला पाठ आहे. भाऊंकडे जेवायला गेलेल्या कोणालाही तो पाठ होतो. ताटात मधोमध वरणाची वाटी ठेवून ती टोपली, आणि तिच्यापुढे पाच भजी: दोन पुढे, तीन मागे. प्रत्येक भज्याने मैदानाचा एक तुकडा राखायचा. त्या तुकड्यात जो शिरेल त्याला अडवायचं, बाहेर गेला की त्याच्यामागे धावायचं नाही. पण एक भजं डावीकडे सरकलं की उरलेली चारही सरकली पाहिजेत. हे सगळं समजावून होईपर्यंत भजी गार होत, आणि ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, आतून म्हणत, "तुमची टीम आता खाऊन घ्या न बाप्पा!" घरातही त्यांनी झोन आखले होते. त्यावर ताईंचं म्हणणं असं, की "यायच्या आखणीत माह्या झोनमधी गॅस येते, कपडे येतात, पाणी भरणं येते. यायच्या झोनमधी फक्त ताट येते."

माझ्या मेव्हण्याच्या लग्नात पंगतीची व्यवस्था सासऱ्यांनी भाऊंवर सोपवली. त्यांनी पाच वाढपी उभे केले, दोन पुढे पोळ्या घेऊन, तीन मागे भाजी, वरण, भात घेऊन. प्रत्येकाला खडूने रेघ आखून दिली. पंगत अशी शिस्तीत चालली की लोक जेवायचं थांबवून बघत होते. फक्त नवरीचा मामा बरोबर दोन रेघांच्या मधे बसला होता. या बाजूच्या वाढप्याला तो त्या बाजूचा वाटला, त्या बाजूच्याला या बाजूचा. पंगत उठेपर्यंत मामाच्या पानावर लोणच्याच्या फोडीपलीकडे काही आलं नाही. मामा हात धुवायला न जाता थेट भाऊंपुढे येऊन उभा राहिला. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि तितक्याच गंभीरपणे सांगितलं, "चूक वाढप्याची नाही मामाजी. तुमी ग्यापमधी बसले." मग स्वतः ताट वाढून आणलं आणि मामाचं जेवण होईपर्यंत त्याच्यासमोर उकिडवे बसून राहिले. त्या संध्याकाळी मला म्हणाले, "एकानं तरी बाजूले पाह्याले पायजे होतं. आपली जागा राखणं अर्धं काम हाये रे. बाजूवाल्याची मोकळी पडली का, हे पाह्यणं अर्धं."

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचं मूळ गाव हिवरखेड. ज्वारी हुरड्यावर आली की पाखरं राखायला पाच भावंडं वावरात उभी राहत. चार कोपऱ्यांवर चौघं, मधे उंच माचावर एक, हातात गोफणी. त्यांत भाऊ सगळ्यात धाकटे, एका कोपऱ्यावर. एका दुपारी गावात कुस्त्यांची दंगल भरली, ढोलकं ऐकू आलं, आणि हे कोपरा सोडून पळाले. परत आले तेव्हा त्या कोपऱ्यातलं एकही कणीस भरलेलं नव्हतं. "बाप मारत असे, पण त्या दिवशी नाही मारलं. रिकामं कणूस हातात देलं फक्त." मग म्हणाले, "माचावरच्यानं इकडं पाह्यलं असतं, तर अर्धा कोपरा वाचला असता."

शाळेच्या मैदानावर त्यांनी माचावरची ती जागा एका मुलीला दिली होती. रेणुका. मागच्या तिघींतली मधली. अंगाने काडी, पण नजर चौफेर. या पाच मुलींना भाऊंनी कमरेला कासरा बांधून शिकवलं. कासरा म्हणजे बैलाला हाकताना हातात धरतात ती दोरी. एक मुलगी सरकली की दोरी ताणायची आणि बाकीच्या आपोआप ओढल्या जायच्या. एक पालक शाळेत भांडायला आले. "आमच्या पोट्टीले दावणीले बांधता का तुमी?" भाऊंनी शांतपणे कासऱ्याचं एक टोक त्यांच्याच कमरेला बांधलं आणि त्यांना मुलींबरोबर अर्धा तास सरकवलं. जाताना ते गृहस्थ घामाघूम होऊन म्हणाले, "सर, हे त बेकार काम हाये! चालू द्या." आमच्याकडे बेकार म्हणजे जबरदस्त. पुढच्या वर्षी भाऊंनी कासरा सोडला. मुली तरी तशाच सरकत होत्या. भाऊ मैदानाच्या कडेला उभे राहून बघत होते, आणि मी पहिल्यांदा त्यांचा चेहरा दुखल्यासारखा झालेला पाहिला.

ते त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या संघाने एकही चषक शाळेत आणला नव्हता. शिक्षकांच्या खोलीत कबड्डीवाल्यांचं कपाट भरलेलं, आणि यांच्या कपाटात ताईंनी दिलेला डबा. बोलत नव्हते, पण एक तरी चषक ठेवून जावं असं त्यांना फार वाटत होतं. अमरावतीला लहान मुलींची स्पर्धा ठरली तेव्हा त्यांनी मला फोन केला. "येऊन राहिलो. या वर्षी होते आपलं."

संघ दोनच आले होते, म्हणजे एकाच सामन्यात चषक. त्या सकाळी मी मैदानावर पोहोचलो तर भाऊ एका कागदाकडे बघत उभे होते. आयोजकांचं नियमांचं पत्रक होतं. ते महिनाभरापूर्वीच त्यांच्याकडे आलं होतं, पण पहिल्या पानावर तारीख आणि ठिकाण सापडल्यावर पान उलटायची गरज त्यांना वाटली नव्हती. पाठीमागे छापलं होतं: या वयोगटात झोन बंद. प्रत्येक मुलीने समोरच्या संघातली एक मुलगी धरायची आणि तिच्याच मागे राहायचं. जागा राखून उभी राहिली तर आधी दोनदा ताकीद, नंतर समोरच्यांना मोकळी फेक, म्हणजे अडवायला कोणी नसताना चेंडू टोपलीत टाकायची संधी.

"भाऊ, आता?" मी विचारलं.

"आता काय. पोरीच्या मागं धावाचं," ते म्हणाले. आवाज असा, की कोणी देवघरात चप्पल घालून जायला सांगावं.

मुली शहाण्या होत्या. धावल्या. पण वर्षभराचा कासरा कमरेतून सुटतो थोडाच? चेंडू डावीकडे गेला की पाचही जणी डावीकडे झुकायच्या. मैत्रीण चुकली की रेणुका आपली मुलगी सोडून टोपलीखाली येऊन उभी. एक ताकीद झाली. दुसरी झाली. तरीही सामना बरोबरीत होता, आणि शेवटचं मिनिट उरलं असताना भाऊंनी खेळ थांबवून घेतला. पंच जवळ येऊन भल्या मनाने म्हणाले, "सर, त्या मधल्या मुलीला सांगा. आता मधे थांबली तर मला शिट्टी वाजवावीच लागेल."

मुली गोल करून उभ्या राहिल्या. रेणुका म्हणाली, "सर, मी काय करू? मले तिकडं मोकळं दिसलं का पाय आपोआप जाते."

सांगायचं एकच वाक्य होतं. बाजूला बघू नको. कोणी चुकली तर चुकू दे, तू आपली धर. चषक त्या वाक्याच्या पलीकडे टेबलावर चकाकत होता. भाऊंनी तोंड उघडलं. चौघी त्यांच्याकडे बघत होत्या, रेणुका मात्र शेजारणीच्या सुटलेल्या बुटाच्या नाडीकडे बघत होती. भाऊंनी तोंड मिटलं.

"पाणी प्या," ते म्हणाले. "अन् तिची नाडी बांधा."

पुढे व्हायचं तेच झालं. शेजारीण घसरली, रेणुका टोपलीखाली धावली, शिट्टी वाजली. मोकळी फेक आत गेली. एका गुणाने हरले.

मुली रडत होत्या. मी भाऊंना बाजूला घेतलं आणि थोडं चिडूनच म्हटलं, "एक वाक्य सांगायचं होतं भाऊ!"

"तोंडाशी आलं होतं," ते म्हणाले. "दोन वर्षं तिले सांगतलं, बाजूले पाह्य, बाजूले पाह्य. आता एका कपासाठी पाहू नको म्हनू? मंग ते तिच्या जन्माले पुरलं असतं."

परतीच्या जीपपाशी भाऊ सगळ्यात शेवटी आले. मागच्या बाकावर मधली जागा नेहमी त्यांची. तिथून सगळ्या मुली दिसतात. मी आत डोकावलो. दोघी पुढे, तिघी मागे बसल्या होत्या, अंग चोरून, आणि मधली जागा रिकामी होती. रेणुका डोळे पुसत म्हणाली, "या न सर. तुमची राखून ठेवली."

भाऊ निवृत्त झाले त्याला आता वर्ष होईल. गेल्या महिन्यात माझ्या मुलीचा साखरपुडा झाला. हल्लीच्या पद्धतीने ताटं हातात घेऊन उभ्याने जेवण, वाढपी नाहीत, रेघा नाहीत, जो तो मोकाट. भाऊ ताट घेऊन दाराजवळच्या कोपऱ्यात एकटेच उभे होते. त्यांना काही विचारायला कोणी जात नव्हतं. व्याह्यांना सोडून मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

त्यांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "काहून आला? तिकडं तुही जागा मोकळी पडली न."

"पडू द्या भाऊ," मी म्हटलं.

ते थोडे सरकले, आणि माझ्यासाठी भिंतीपाशी जागा झाली.