दादूसची पाच मिनिटं

दादूस ॲम्ब्युलन्स चालवताना मागच्या पेशंटशी बोलत. "नागोठनं सुटलं बरं का. आता गडब, मग वडखल, की आलंच पेन." नजर रस्त्यावर, आणि आवाज स्ट्रेचरपर्यंत पोचेल इतकाच. पेशंट शुद्धीवर नसला तरी ते गावं सांगत. मी त्या गाडीवर डॉक्टर म्हणून नवीन होते, तेव्हा मला हे जरा विचित्र वाटलं. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, झोपलेल्या मानसाला छपराशिवाय काय दिसतं? आपन कुठवर आलो ते तरी कलू दे त्याला."

नाव काहीतरी वेगळंच होतं, पण पेणला सगळे त्यांना दादूसच म्हणत, खाडीकडच्या गावांत थोरल्या भावाला म्हणतात तसं. घर मिठागरवाल्यांचं. ड्यूटी संपली की ते थेट घरी जात नसत. गावाच्या अलीकडे बांधावर मोटारसायकल लावून बसून राहत. "तोंड घरी न्यायासारखं झालं, की मग जायाचं," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे गाडीत काय काय घडतं, ते त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, कित्येक वर्षं माहीतच नव्हतं.

एकदा रोह्याच्या वरच्या एका वाडीतून बोलावणं आलं. सकाळची वेळ. बाई घरीच बाळंत झाली होती, बाळ सुखरूप होतं, पण तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिची आई बाळाला छातीशी धरून गाडीत बसली. आम्ही निघालो, आणि गडबच्या अलीकडे कंटेनर आडवा झालेला. पुढेही गाड्या, मागेही गाड्या. सायरनचा काही उपयोग नव्हता. बाईने हळूच विचारलं, किती राहिलं?

"पाच मिन्टं, बाय. पाचच मिन्टं."

पाऊण तास गाडी जागची हलली नाही. तिने तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा दादूसनी पाचच मिनिटं सांगितली. रस्ता मोकळा झाला तेव्हा माझ्या बोटांखालची नाडी थांबलेली होती.

दादूसनी एक दिवसही रजा घेतली नाही. फक्त गावं सांगणं बंद झालं. पुढे वहिनी मला भेटायला आल्या. जेवणावरून उठून जातात, घरात असून नसल्यासारखे असतात, असं सांगत होत्या. मी दादूसना म्हटलं, एकदा मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवू या. ते म्हणाले, "मना काय झालंय? मेली ती बाय."

मग एका दुपारी रोह्याला पेशंट सोडून रिकामी गाडी घेऊन येताना त्यांनी गडबच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं, पण हात स्टिअरिंगवरून निघेनात.

"मी तिला खोटं सांगितलं," ते म्हणाले. "खरं सांगितलं असतं तर आईशी दोन शब्द बोलली असती ती. पोराला जवल घेतलं असतं. माझ्यावर भरवसा ठेवून गप पडून रायली."

तिचं वाचणं आपल्या हातात नव्हतं, हे मी त्यांना समजावलं. ते खरंच होतं, पण त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. मग मी कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून मला झोप नव्हती. घरी झोपलेल्या लेकीची नाडी मी उठून उठून बघत होते.

त्यांनी पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुमी पन?"

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघंही मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. दारातच दादूसनी त्यांना सांगितलं, "आदी मॅडमना बघा." गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं. बरेच महिने लागले. दादूस पुन्हा नीट जेवू लागले, पण ॲम्ब्युलन्स आता नको, हे त्यांनीच ठरवलं. हल्ली ते हमरापूरहून गणपतीच्या मूर्ती टेम्पोने पोचवतात. गडब आलं की अजून बोलणं तुटतं, असं त्यांनीच मला सांगितलं.

ॲम्ब्युलन्सवरच्या त्यांच्या शेवटच्या दिवशी नव्या ड्रायव्हरला ते गाडी समजावून देत होते. क्लच जड आहे, मागचं दार जोरात ओढावं लागतं. मी आत ऑक्सिजन तपासत होते, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

"आनि मॅडमना रोज इचार, झोप लागली का," ते म्हणाले. "आपनहून सांगायच्या नाय त्या."

तो रोज विचारतो. सुरुवातीला मी नुसतं हो म्हणून टाकायचे. आता थोडं थांबून उत्तर देते.