ऊठ आणि ऊटा

बायकोला मातीत ठेवून आलो तवापासून प्रार्थनेला बसलो की माझं तोंडच उघडायचं न्हाई. तिच्या आजारात सगळ्या मंडळीनं तिच्यावर हात ठेवून देवाला विनवलं होतं. ती काही उठली न्हाई.

पुढं आमच्या चर्चचे पास्टर घरी आले, बायबलातली याईराच्या पोरीची गोष्ट वाचली. पोरगी मेलेली, घरात रडारड. येशूनं तिचा हात धरला, ऊठ म्हणला, ती उठली. मी मधीच बोललो, "त्याची पोरगी उठली, मग माझी बायको कामून न्हाई उठली?"

"मला ठाऊक न्हाई, काका," पास्टर म्हणाले. खरं बोलले म्हणून त्यांना हाकललं न्हाई. जाताना म्हणाले, "गोष्ट संपली न्हाई अजून. शेवटी येशू म्हणतो, तिला खायला द्या." मला रागच आला. मेलेलं माणूस उठलंय, अन् ह्याला भाकरीचं सुचायलंय!

बायकोच्या चुलीला हात लावायचा धीर होईना. चहावर दिवस ढकलत भिंतीकडं तोंड करून पडायचो. शेजारी कलबुर्गीकडची एक म्हातारी नवीन राहायला आलेली. आमच्या हळ्ळीखेडात कन्नड सगळ्यांनाच येती, पण मला ऐकू कमी. एका दुपारी ती दारातून ओरडली, "अण्णा, ऊटा!"

मला वाटलं, उठा म्हणायलीय. पाठ न वळवताच म्हणलो, "कामून उठू? कुणासाठी?"

"ऊटा, अण्णा, ऊटा!"

तावातावानं उठून बसलो. बघतो तर तिच्या हातात ताट, जवारीची भाकरी अन् अंबाडीची भाजी. तवा डोक्यात उजेड पडला. कन्नडात ऊटा म्हणजे जेवण. बायको गेल्यावर पहिल्यांदाच हसलो. म्हातारी चिडली, "याक नगतीरी? तिन्री!" हसता कशाला, खावा!

खाल्लं. घास गिळताना डोळे गळायले, म्हातारीनं अजून भाजी वाढली. तिला याईर ठाऊक न्हाई, पास्टरबी न्हाई.

बायकोला त्यानं का उठवलं न्हाई, हे मला आजबी कळलेलं न्हाई. पण ज्याला उठवतो त्याला भूक लागती, हे त्याच्या ध्यानात राहतं, एवढं त्या ताटावर कळलं. आता प्रार्थनेत माझं एवढंच असतं: देवा, तुझं सगळं मला नीट ऐकू येत न्हाई. तू हाक मारत जा. मी उठतो.