स्टेअरिंग जीवनचं, ब्रेक मामांचा

जगात न बसणारा पार्ट नसतो, असं लिंबाजीमामांचं ठाम मत होतं. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. घर चारठाण्याला आणि नोकरी एसटीच्या डेपोत मेकॅनिकची. एखाद्या गाडीचा पार्ट यायला वेळ लागला, की ते भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचा काढायचे, कानशीनं घासायचे, कुठे पत्र्याचा तुकडा सरकवायचे, लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यायचे आणि गाडी रस्त्यावर काढायचे. "बसत न्हाई असं काय नसतंय," ते म्हणायचे. "बसवणाराला घाई असती."

पॉलिटेक्निक करून मी परभणीत भुजंगभाऊंच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मामांना झाला होता. "आता तू बी आमच्यातलीच झालीस, पियू," ते म्हणाले. "फक्त तुझ्या नखात ग्रीस न्हाई."

मामा-मामींना जीवन हा एकुलता एक मुलगा. त्याला स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. शाळेत असताना तो पळता पळता पडायचा, मग चालता चालता पडायला लागला, मग खुर्चीवर आला. डॉक्टरांनी पुढचंही सांगून ठेवलं होतं: पाय गेले, आता खांदे जातील, मग हात. बोटं त्यातल्या त्यात उशिरा.

तो लहान असताना मामा त्याला सुट्टीच्या दिवशी डेपोत न्यायचे. धुतलेली गाडी रॅम्पवरून दुरुस्तीच्या खड्ड्यावर आणायची असली, की त्याला मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे आणि स्टेअरिंग त्याच्या हातात द्यायचे. तेवढ्या अंतरात गाडी जीवन चालवायचा. खुर्चीवर आल्यावर तो मोबाइलवर तासन् तास एकच गोष्ट बघायचा: लोक कॉम्प्युटरवर बस चालवतात ते व्हिडिओ. घाटातून, पावसातून, गावातून. एक दिवस त्याचा मला फोन आला.

"ताई, मला गाडी चालवायचीय. बोटं हायेत तवर."

त्यानं हे इतक्या साधेपणानं सांगितलं, की मीही साधेपणानंच विचारलं, "बजेट किती?"

"पप्पांना झेपन इतकं."

मग संध्याकाळी आम्ही फोनवर पार्ट निवडायला लागलो. कॉम्प्युटर शिकलेली मी, पण अभ्यास त्याचाच जास्त होता. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं, तर बाकी सगळं मिळून येईल तेवढे पैसे त्यातच जात होते. म्हणून ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे असा प्रोसेसर त्यानं शोधला. असा प्रोसेसर रॅमच्या जिवावर पळतो. त्यामुळे एक मोठी रॅम घेण्याऐवजी दोन सारख्या छोट्या घ्यायच्या, म्हणजे डेटाला दोन रस्ते मिळतात, ह्याचीही त्यानंच मला आठवण करून दिली.

"झाडं कमी दिसली तरी चालतेत," तो म्हणाला. "रस्ता अटकत अटकत यायला नको."

प्रोसेसर पुण्याच्या एका पोराकडून वापरलेला मिळाला. त्याच्या जोडीचा मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सगळे पार्ट बसतात तो मुख्य बोर्ड, मी पाहून देणार होते. गावात पार्सल वेळेवर पोचत नाही, म्हणून मामांनी पत्ता डेपोचा दिला होता.

त्याच सुमाराला मामांना एक मदरबोर्ड दिसला. जिंतूरला कुठल्या तरी ऑफिसातून जुने कॉम्प्युटर निघाले होते, त्यातला. चांगला मोठा, जड, पंख्यासकट. जीवनचा वाढदिवस जवळ आलेला. मामांनी ना मला विचारलं, ना त्याला. जेवणाच्या सुट्टीत डेपोतल्या बाकड्यावर स्वच्छ फडकं अंथरलं आणि प्रोसेसरचं आलेलं पार्सल उघडलं. त्यांना वाटलं, घरी नेऊन एकदम तयारच दाखवू.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कामाच्या डांगरीवरच दुकानात आले. खिशातून रुमाल काढून माझ्यासमोर उलगडला.

"पियू, बग बरं. जरा वाकलंय."

प्रोसेसरच्या खालच्या बाजूला केसाएवढ्या बारीक पिनांच्या रांगा असतात. शेतात जनावर लोळून गेल्यावर गहू आडवा होतो, तशा त्या आडव्या झाल्या होत्या. पिशवीतला मदरबोर्ड मी बाहेर काढला. तो वेगळ्याच कंपनीच्या प्रोसेसरसाठी होता. त्या जातीत पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात. म्हणजे इकडंही पिना आणि तिकडंही पिना.

"ठोकला का?" मी विचारलं.

"ठोकला न्हाई. दाबला." थोडं थांबून ते म्हणाले, "ठोकळा ठिऊन दाबला."

भुजंगभाऊ काउंटरवरून वाकून बघत होते. "मामा, प्रोसेसर हाय हे. पिस्टन न्हाई."

मामा हसले नाहीत. एरवी ते भुजंगभाऊंना उलट चार टोले दिल्याशिवाय राहत नसत.

मी भिंग लावलं आणि ब्लेडच्या पात्यानं एक एक पिन उभी करायला घेतली. मामा स्टूल ओढून शेजारी बसले. पुष्कळशा पिना सरळ झाल्या. मग एक तुटली. तिच्या शेजारची आधीच मुळातून गेली होती. दुकानातल्या योग्य बोर्डावर लावून बघितलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला.

"घासून, पुसून काय व्हईना का?"

"न्हाई मामा. ह्यात घासून बसवायचं काहीच नसतं. त्याची जागा ठरलेली असती. बसणारा असला तर नुसता वरून ठेवला की आपोआप खाली जातो. बोटाचा जोर बी लागत न्हाई."

"आपोआप जातो," मामा म्हणाले. त्यांनी आपली बोटं पाहिली, रुमालाला पुसली. "जीवनला सांगू नको. पार्सल अडकलंय म्हणून सांगतो."

तो वाढदिवस तसाच गेला. तोच प्रोसेसर पुन्हा घ्यायचा, तर आता भाव चढले होते, आणि वापरलेला कुठं मिळेना. एक सापडला तो बंद निघाला, परत पाठवण्यात बरेच दिवस गेले. मामा सुट्टीच्या दिवशीही डेपोत काम करायला लागले. मध्ये मामींना ताप आला, त्यात साठवलेलं गेलं. उन्हाळा संपला, पाऊसही येऊन गेला.

जीवन अधूनमधून फोन करायचा. "ताई, ते पार्सल अजून फिरायलंयच का? पप्पांच्या हाती लागलं नसन म्हणजे बरं."

"का रे?"

"दिसंल तिथं ठोका मारतेत."

फोन धरायची त्याची तऱ्हा बदलत गेली, ती मला आवाजावरून कळायची. आधी तो स्वतः धरायचा. मग मामी कानाला लावायच्या. मग तो गादीवर ठेवून स्पीकरवर बोलायला लागला.

थंडी पडायला लागली तेव्हा सगळे पार्ट जमले. मी देवगाव फाट्यावर उतरले. मामा मोटारसायकल घेऊन उभे होते. पेटी दोघांच्या मध्ये धरून आम्ही चारठाण्याला गेलो. जीवनच्या पलंगाशेजारी मी बोर्ड मांडला आणि प्रोसेसर मामांच्या हातात दिला.

"तुमी ठेवा."

"नको माय. माझा हात जड हाय."

"ठेवा हो. ह्याची खूण बोर्डावरच्या खुणेवर."

मामांनी श्वास रोखून प्रोसेसर जागेवर टेकवला. तो आपोआप खाली गेला. मामा हात वरच धरून उभे राहिले.

पलंगावरून जीवन म्हणाला, "पप्पा, ठोकळा आणायचा ऱ्हायला का?"

मामांनी मागं वळून पाहिलं नाही. त्याला खरं काय ते कळलं होतं, की नेहमीसारखीच थट्टा होती, मला सांगता येणार नाही.

बाकीचं जोडून झालं आणि गाडी सुरू झाली. म्हणजे खेळातली. लाल बस त्यानं आधीच निवडून ठेवली होती. माऊसवर त्याचा उजवा हात ठेवून मामींनी मनगटाखाली फडक्याची घडी सरकवली. बोटांनी माऊस हळूहळू सरकला, तसं पडद्यावरचं स्टेअरिंग वळलं. जीवनच्या चेहऱ्यावर ते रॅम्पवरचं लहान पोर आलं. डावा हात कीबोर्डवर होता. वेग घ्यायचं एक बटण, ब्रेकचं दुसरं. त्याचं बोट बटणावर टेकलं, पण बटण खाली जाईना. त्यानं पुन्हा केलं. बस जागची हलली नाही.

"ताई, कीबोर्ड कडक हाय का?"

कीबोर्ड कडक नव्हता. दुकानातला सगळ्यात हलका शोधून मी आणला होता. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "कडकच हाय. नवा हाय ना. सरक, मी दाबतो."

ते पलंगावर त्याच्या डाव्या बाजूला बसले. ज्या बोटांनी पिना मोडल्या, तीच दोन बोटं त्यांनी त्या दोन बटणांवर ठेवली.

"सोडू का?"

"सोडा."

बस निघाली आणि लगेच खांबाला धडकली.

"पप्पा, ब्रेक."

"तू वळवायला उशीर केलास."

"तुमी दाबूनच धरलंय. सोडाबी लागतंय."

"सतरा वर्षं ब्रेकच बसवायलोय मी. मला सांगतो."

"बसवायलाव, पण मारला कुठं कधी?"

मामी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "दोघं मिळून एक ड्रायव्हर व्हईना," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात मामा डेपोतून आले, की हात धुऊन थेट पलंगावर बसायचे. मी गेले की मला सगळं ऐकायला मिळायचं. मामा गतिरोधक नसतानाही गाडी हळू करतात. मामा दुसऱ्याची गाडी दिसली की तिचा आवाज ऐकत थांबतात आणि हिचा बेल्ट सैल आहे म्हणतात. एकदा गाडी चढावर बंद पडली, तर मामा म्हणाले, "मागं पाला लाव, न्हाईतर कुणी येऊन धडकन." आपल्याकडं रस्त्यात बंद पडलेल्या गाडीमागं झाडाचा डहाळा ठेवतात, ते. जीवन इतका हसला, की त्याला खोकला लागला.

"पप्पा, ह्या गेमात पाला न्हाई मिळत."

"मग कसला गेम हाय ह्यो."

तो खोकला नंतर थांबलाच नाही. कफ छातीत भरला. परभणीला न्यायला गाडी दारात आली, तेव्हा पडद्यावर बस मोकळ्या रस्त्यावर होती, दोन गावांच्या मध्ये. मामींनी सांगितलं, उचलताना जीवन म्हणाला, "पप्पा, तशीच ऱ्हाऊ द्या. आल्यावर नेऊ."

तो आला नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहारात वंदना झाली. आमच्याकडे अशा दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं काही दान देतात. विहारातल्या अभ्यासिकेला कॉम्प्युटर द्यावा, असं मामींनीच सुचवलं होतं, आणि मामा "बरं" म्हणाले होते. कार्यक्रम आटोपल्यावर त्यातलं जीवनचं सगळं काढून तो न्यायला तयार करायला मी घरी आले. मामा आधीच पलंगावर बसलेले होते. आपल्या नेहमीच्या जागी, डाव्या बाजूला.

"चालू कर बरं एकदा," ते म्हणाले. "गाडी रस्त्यात हाय. डेपोला लावून येतो. रस्त्यात सोडून जायची आपली पद्धत न्हाई."

मी चालू केला. बस जिथल्या तिथं उभी होती. मामांनी डावी बोटं बटणांवर ठेवली आणि उजवा हात माऊसवर. बस निघाली, लगेच रस्त्याच्या खाली उतरली. त्यांनी ती मागं घेतली. पुन्हा उतरली. वेग आणि ब्रेक आता त्यांना न बघता जमत होते, पण ह्या खेळातलं स्टेअरिंग त्यांनी कधी धरलंच नव्हतं.

"मामा, मी धरू का माऊस?"

"नको. त्यो त्याचा हाय."

त्यांनी आणखी प्रयत्न केला. मग हात मांडीवर घेतले.

"तवा दाबला नसता," ते म्हणाले, "तर उन्हाळ्यातच सुरू झाला असता. तवा त्याचं दोन्ही हातानं चाललं असतं. एकट्यानं नेली असती त्यानं गाडी. माझी गरज नव्हती."

मला म्हणावंसं वाटलं, की तसं असतं तर तुम्ही त्याच्या शेजारी बसला नसता. पण ते खरं असलं, तरी त्या पोराला एकट्यानं गाडी चालवायची होती, हेही खरंच होतं.

मामा उठून अंगणात गेले. परत आले तेव्हा हातात कडुनिंबाचा डहाळा होता. त्यांनी तो कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागं, तारांच्या शेजारी, पंख्याला लागणार नाही असा टेकवून ठेवला. नीट बसतो का बघितलं. जोर लावला नाही.

"उद्या नेऊ विहारात," ते म्हणाले. "बाकी काय बी काढ. ती गाडी तेवढी पुसू नको."