चाकामागचा दगड

साताऱ्याहून मी पहिल्यांदा अमेरिकेला निघाले त्या दिवशी अप्पांनी स्टँडसमोर जीप उभी केली, हँडब्रेक कचकन ओढला आणि खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला. रस्ता चांगला सपाट होता. पण आयुष्यभर घाटात गाडी चालवलेल्या माझ्या वडिलांचा सपाट रस्त्यावर विश्वास नाही. हा दगड जीपच्या सीटखाली कायमचा मुक्कामाला असे. "गाडी सोडून जायचं, तर तिला जागेवर बसवून जायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला मुंबईच्या बसमध्ये बसवताना त्यांनी वेगळं काही सांगितलं नाही. आई रडत होती आणि ते टायर बघत होते.

पुढच्याच महिन्यात त्यांनी माझी स्कूटी विकली. फोनवर सहज म्हणाले, "उभी राहून गंजली असती. तू काय आता लवकर येतेस!" बरोबरच होतं त्यांचं. तरी मी मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या बसस्टॉपवर, चार लोकांसमोर भोकाड पसरलं. मी परतणार नाही हे घराने माझ्याआधी ठरवून टाकलं, असं वाटलं मला. तुमच्यातले जे घर सोडून आले त्यांना हे कळेल. जे मागे राहिले त्यांना कदाचित रागही येईल. येऊ दे.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात जो तो मला "गाडी विकून टाक" म्हणू लागला, तेव्हा माझं डोकं फिरलं. नवा व्हिसा पासपोर्टवर छापून घ्यायला मला मुंबईला जायचं होतं. मिळाला तर महिनाभरात परत. अडकला तर नोकरी, अपार्टमेंट, इतक्या वर्षांचा संसार सगळा इकडे आणि मी तिकडे.

"प्रॅक्टिकल हो यार," ऑफिसमधला निखिल म्हणाला. "स्टॅम्पिंग अडकलं तर तिथे बसून गाडी कशी सेल करणार तू?"

शैलाकाकूंचंही तेच. काकू मूळच्या नागपूरच्या, इथे येऊन केस पांढरे झालेल्या. पहिलं सेमिस्टर मी त्यांच्याच घरी काढलं होतं. "सगळे विकूनच जातात नं. आलीस परत, तर दुसरी घे."

माझी गाडी जुनी, निळी, डाव्या दाराला पोचा आलेली. या देशात स्वतःच्या कमाईने घेतलेली माझी पहिली मोठी वस्तू. ती विकणं म्हणजे मी हरले असं आधीच लिहून देणं. "मी परत येणार आहे आणि गाडी इथेच थांबणार आहे," मी सांगून टाकलं. काकूंनी सुस्कारा सोडला आणि गॅरेजशेजारची काँक्रीटची जागा दाखवली. गॅरेजमध्ये त्यांच्या दोन गाड्या, त्यामुळे माझी उघड्यावर.

मग मी हट्टालाच पेटले. गाडी धुतली, बर्फ वितळावा म्हणून इथे रस्त्यावर मीठ टाकतात ते चाकांच्या आतून घासून काढलं, वॅक्स लावलं. ऑइल बदललं. आत ओल धरू नये म्हणून पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली, टायरमध्ये हवा थोडी चढती ठेवली. सीटखाली चिवड्याचं अर्धं पाकीट सापडलं, ते आधी बाहेर काढलं, कारण इथले उंदीर थंडीत इंजिनात बिऱ्हाड करतात आणि वायरी कुरतडतात. आईने फोनवरून डांबरगोळ्यांचा हुकूम सोडला. शालूच्या कपाटात ठेवतात तशा त्या गाडीत ठेवल्या. उंदरांची वाट अडवायला सायलेन्सरच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंबली आणि ती काढायची आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला ओढणी बांधली. बॅटरीची एक वायर सोडवली, हवा खेळती राहील असं कव्हर घातलं आणि किल्ली काकूंच्या हातात दिली.

निखिल मला एअरपोर्टला सोडायला निघाला. अर्ध्या वाटेत माझा डावा हात आपोआप दोन सीटांच्या मध्ये गेला आणि मी ओरडलेच. हँडब्रेक! ओल्या थंडीत तो आठवडेच्या आठवडे ओढलेला राहिला तर ब्रेक चिकटून बसतात. तो सैल सोडून चाकाला अडण लावायचं, हे मी चार ठिकाणी वाचलं होतं. पण साताऱ्याच्या पोरीचा हात, ब्रेक ओढल्याशिवाय राहील कसा?

काकूंना फोन लावला. "बाप्पा! बाहेर स्नो पडून राहिला, अन् तुला ब्रेक आठवतो?"

"काकू, प्लीज. सोडा तो. आणि चाकाला काहीतरी लावा."

व्हिसा अडकलाच. वकिलातीत मुलाखत झाली, पासपोर्ट ठेवून घेतला, तपासणी बाकी आहे म्हणाले. महिना उलटून गेला. "आता इथेच का?" असं साताऱ्यात प्रत्येक जण विचारी. निखिलचा मेसेज आला की एक गिऱ्हाईक आहे, बघ. मी नाही म्हटलं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण नाहीच म्हटलं. वर एक जुनी स्कूटीही घेऊन टाकली.

अप्पांच्या कपाळाला आठ्या. "चार दिवसांसाठी गाडी?"

"माझ्या घरी मला गाडी लागते," मी म्हटलं.

एका सकाळी काकूंचा फोटो आला. कव्हरवरचा बर्फ झाडून बाजूला सारलेला आणि मागच्या चाकाशी एक थोराड दगड. उन्हाळ्यात त्यांच्या तुळशीच्या कुंडीखाली असतो तो. खाली लिहिलं होतं, "रोज झाडते मी. आता विकलीस तर याद राख." अप्पांनी चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला. "दगड व्यवस्थित लावलाय," म्हणाले. "कोण बाई आहेत या?"

अखेर पासपोर्ट आला. निघायच्या दिवशी अप्पांनी स्कूटी अंगणात मधल्या स्टँडवर चढवली. मी भांडायच्याच तयारीत होते. "अप्पा, ही विकायची नाही." ते माळ्यावर चढले आणि तोच जुना दगड घेऊन आले. जीप केव्हाच गेली होती, पण दगड त्यांनी ठेवला होता. स्टँडवरच्या स्कूटीला दगड लागत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी त्यांनी तो वाकून मागच्या चाकाला लावला आणि हात झटकले. "नाही विकत. ये तू."

मिशिगनला पोचले, घासणी काढली, वायर जोडली. गाडी दोनदा कण्हली आणि सुरू झाली. आत डांबरगोळ्यांचा असा वास की आईचं कपाटच उघडल्यासारखं वाटलं. लोक मला विचारतात, तुझं खरं घर कुठलं, एक काय ते सांग. मी सांगत नाही. जिथे माझ्या पाठीमागे कुणी माझ्या चाकाला दगड लावतं ते माझं घर, आणि तशी दोन आहेत. त्यातलं एकही मी सोडणार नाही.

काकू दगड उचलून परत तुळशीकडे निघाल्या.

"राहू द्या काकू इथेच," मी म्हटलं. "पुढच्या वेळी लागेल."